शून्याचे वीस टक्के

कोरोनाकाळातल्या सरकारी मदतीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक टीव्हीवरचं: 'सरकारने २० लाख कोटी दिले, आणखी काय करायचं?' दुसरं आपल्याच मोहल्ल्यातलं: 'सरकारकडे मागायचंच कशाला? आपलं बैतुलमाल आहे ना.' मला दोन्ही मान्य नाहीत.

आधी २० लाख कोटींचं बघू. मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या त्या पॅकेजात छोट्या उद्योगांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट होती तीन लाख कोटींची तातडीची कर्जहमी योजना. तारण नको, १०० टक्के हमी सरकारची. ऐकायला उत्तम. पण कर्ज किती मिळणार? २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या नावावर जेवढं कर्ज शिल्लक होतं, त्याच्या २० टक्के. अटी लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे असली अट वाचली की मी आधी शून्य टाकून बघतो. ज्याला बँकेने आजवर दारातच उभं केलं नाही, त्याला शून्याचे २० टक्के.

यात कुणी कुणाचा धर्म विचारला नाही. विचारायची गरजच पडली नाही. मालेगाव किंवा भिवंडीत मजुरीवर यंत्रमाग चालवणारा माणूस घ्या. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, याला मीटरमागे मजुरी. अडीअडचणीला उचल त्याच व्यापाऱ्याकडून. बँकेच्या लेखी हा माणूस नाहीच. बँककर्जात मुस्लिमांचा वाटा लोकसंख्येच्या मानाने किती कमी आहे आणि काही बँका मुस्लिमबहुल वस्त्यांना कर्जासाठी कशा टाळतात, हे सच्चर समितीने २००६ मध्येच लिहून ठेवलंय. व्याज नको म्हणून स्वतःहून बँकेपासून लांब राहिलेलेही याच रांगेत. आणि हे फक्त आपलं नाही. बँकेबाहेर राहिलेल्या दलित, भटक्या कारागिरांचंही हेच झालं. योजनेने कर्जदार उद्योग वाचवले हे खरंच आहे. पण सगळ्यात कोरड्या विहिरीत बादलीच सोडायची नाही, हा नियम कुणी ठरवला?

'सरकारकडे फुकट द्यायला पैसा नव्हता' असंही म्हणतात. होता. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर सहा महिन्यांचं व्याजावरचं व्याज स्वतः भरलं. त्यात गृहकर्ज, गाडीचं कर्ज, क्रेडिट कार्डसुद्धा. हप्ते न थांबवलेल्यांनाही. माझा पगार एक दिवस चुकला नव्हता, मी घरून काम करत होतो, आणि माझ्या गृहकर्जाच्या खात्यात सरकारने पैसे जमा केले. रक्कम किरकोळ होती, पण ती परत करायची नव्हती. माझ्या इमारतीखाली केळी विकणाऱ्या चाचांना त्याच सरकारने काय देऊ केलं? स्वनिधी योजनेतून १० हजारांचं कर्ज, वर्षभरात हप्त्याने फेडायचं. व्याजात सात टक्के सवलत आणि मोबाइलवरून पैसे घेतले तर महिन्याला जास्तीत जास्त १०० रुपये कॅशबॅक. पगारदाराला अनुदान, हातगाडीला कर्ज!

त्या कर्जासाठीही आधी फेरीवाला असल्याचा पुरावा लागतो, नाहीतर पालिकेचं शिफारसपत्र. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने फेरीवाल्यांना १,५०० रुपये जाहीर केले, तेही नोंदणीकृतांनाच. आता नोंदणीची गोष्ट ऐका. २०१४ मध्ये मुंबईत सर्वेक्षण झालं, सुमारे ९९ हजार अर्ज आले, छाननीनंतर पात्र ठरले १५ हजारांच्या आसपास. अधिवास प्रमाणपत्राची अटच तशी होती. बाकीचे काय हवेत भाजी विकत होते? हातगाडी उचलायला पालिकेची गाडी येते तेव्हा मात्र कुणाची नोंदणी लागत नाही.

जर्मनीने २०२० मध्ये पाचपर्यंत कामगार असलेल्या धंद्यांना तीन महिन्यांच्या खर्चासाठी ९,००० युरोपर्यंत अनुदान दिलं. ब्रिटनने छोट्या दुकानांना स्थानिक पालिकांमार्फत १० हजार पौंड दिले. आपण तेवढे श्रीमंत नाही, कबूल. पण प्रश्न रकमेचा नाही. बंद दुकानाला कर्ज देणं म्हणजे बुडालेल्या महिन्यांचं बिल पुढच्या महिन्यांवर फाडणं.

आता बैतुलमालवाल्यांना. २०२० च्या एप्रिलमध्ये भाजीवाल्यांची नावं विचारून त्यांना गल्लीतून हाकललं गेलं, तेव्हा मोहल्ल्याने रेशनचे किट वाटून माणसं जगवली. त्याला सलाम. पण किटने धंदा उभा राहत नाही, आणि जकात हा नागरिकाच्या हक्काला पर्याय नाही. साबणाच्या वडीपासून सगळ्यावर कर भरणारा माणूस सरकारकडे भीक मागत नसतो. 'आम्हाला नको तुमचं' हा बाणा बँक आणि पालिका दोघांनाही फार सोयीचा आहे. व्याज नको असेल तर अनुदान मागा, पण मागा. आणि मोठ्याने.

दोस्तहो, फेरीवाला कायदा २०१४ चा आहे. दर पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण व्हायला हवं असं त्यातच लिहिलंय, आणि नगर पथविक्रेता समितीवर फेरीवाल्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी हवेत असंही. तुमच्या पालिकेत शेवटचं सर्वेक्षण कधी झालं? शिफारसपत्राचे किती अर्ज आले, किती नाकारले, कोणत्या कारणाने? माहिती अधिकाराचा अर्ज एका पानाचा असतो आणि फी १० रुपये. पुढचा पूर येईल, पुढची साथ येईल, तेव्हा मदतीची यादी याच कागदांवरून निघणार आहे. पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर मशिदीबाहेर गाड्या लावणाऱ्यांना फक्त एवढं विचारा, की तुमचं नाव यादीत आहे का.