विश्लेषण : साखर मोजली, पण पाय कोणी पाहिले?

मधुमेहाची चर्चा बहुतेक वेळा साखरेच्या आकड्यावर येऊन थांबते. डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि पाय यांचे नुकसान मात्र मुख्यतः रक्तवाहिन्यांमार्फत होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यामुळे केवळ साखर मोजून भागणार नाही.

रक्तवाहिनीत काय बिघडते?

रक्तवाहिनीच्या आत पेशींच्या एकाच थराचे नाजूक अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करते. त्यामुळे वाहिनी सैल राहते आणि गुठळ्या सहसा होत नाहीत. याविषयीच्या संशोधनाला १९९८चे नोबेल मिळाले. साखर सतत वाढलेली राहिली, की ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू वाढून नायट्रिक ऑक्साइड निकामी करतात. शिवाय साखर भिंतीतील कोलॅजेनला चिकटते आणि भिंत ताठर होते. पाव भाजताना तपकिरी होतो, त्याच जातीची ही अभिक्रिया. शरीरात ती वर्षानुवर्षे संथपणे चालते.

दुखत का नाही?

मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्याही खराब होतात आणि पाय बधिर होतात. चप्पल चावली, खडा रुतला तरी कळत नाही. रक्तपुरवठा कमी असल्याने जखम भरत नाही. ती चिघळली, तर बोट किंवा पाय कापण्याची वेळ येते.

हे टळू शकते?

बऱ्याच अंशी, हो. टाइप १ मधुमेहींवरील डीसीसीटी अभ्यासात (१९९३) आधी नेत्रपटलाचा विकार नसलेल्यांमध्ये काटेकोर साखर नियंत्रणामुळे त्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. रक्तदाब व कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे तितकेच गरजेचे.

मग काय बदलायला हवे?

शिबिरात बोटाला सुई टोचून आकडा सांगितला, की काम संपले असे मानणे चूक आहे. ज्ञात मधुमेहींची वर्षातून एकदा नेत्रपटल तपासणी, लघवीतील अल्ब्युमिनची चाचणी आणि पायांची तपासणी व्हायलाच हवी. पायांची संवेदना तपासायला १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा आणि काही मिनिटे पुरतात. एवढी तपासणी प्रत्येक आरोग्य केंद्रात सक्तीची करणे अवघड नाही. रुग्णांनीही रोज रात्री तळपाय पाहावेत आणि डॉक्टरांकडे गेल्यावर न सांगता चप्पल-मोजे काढावेत.