थांबणाऱ्यांचेही गुण लिहा



वाटणी चुकली की माणसं दुरावतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पैशांची वाटणी तशी सोपी, भागाकार केला की झालं. अवघड असते ती न तुटणाऱ्या वस्तूची वाटणी. सासूबाईंच्या पाटल्यांचा जोड एक आणि सुना तीन. सोनाराकडे नेऊन वितळवता येतो, पण मग त्या सासूबाईंच्या पाटल्या राहत नाहीत. अशी वस्तू कुणाला द्यायची, कशाच्या आधारावर द्यायची, आणि जिला मिळाली नाही तिने दुसऱ्या दिवशी त्याच स्वयंपाकघरात मन साफ ठेवून कसं उभं राहायचं? याचं एक उत्तर मला मुलांच्या ऑनलाइन खेळात सापडलं. त्या हिशेबातला एक नियम आपण उचलावा असं माझं ठाम मत आहे, म्हणून आज हा विषय.

माझा पुतण्या अमेरिकेत शिकत असताना 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळायचा. मध्यंतरी त्याने मला त्यांची गुणांची वही समजावून सांगितली. वही म्हणजे सॉफ्टवेअरच. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, तरी जमा-खर्चाचे रकाने दिसले की मी खुर्ची ओढून बसते. खेळात राक्षस-ड्रॅगन मारतात, ते आपल्याला रुचणारं नाही. तो वेगळा विषय आहे, आज घेत नाही. आज फक्त हिशेब.

हा खेळ अमेरिकेत नोव्हेंबर २००४ मध्ये आला. त्यात खेळाडू एकत्र येऊन 'गिल्ड' करतात, म्हणजे आपल्या मंडळासारखंच. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी सगळे मिळून मोठ्या मोहिमेवर जातात, तिला 'रेड' म्हणतात. सुरुवातीच्या काळात 'मोल्टन कोअर' नावाच्या गुहेत ४० जणांची तुकडी जायची. आत १० मोठे शत्रू, सगळ्यात शेवटी रॅग्नरॉस. एक शत्रू पडला की मोजक्याच वस्तू मिळायच्या, म्हणजे एखादं चिलखत किंवा एखादी तलवार. हात ४० आणि वस्तू दोन-चार. ती गुहा आठवड्यातून एकदाच लुटता यायची. वस्तू एकदा कुणी उचलली की त्याच्याच नावावर कायमची चिकटायची, नंतर दुसऱ्याला देता येत नसे. म्हणजे वाटणी चुकली तर दुरुस्ती नाही.

यावरचा तोडगा त्याआधीच्या खेळात निघाला होता. 'एव्हरक्वेस्ट' हा खेळ मार्च १९९९ मध्ये सुरू झाला. त्यात नागाफेन आणि वॉक्स असे दोन ड्रॅगन होते. त्यांना मारायला जाणाऱ्या 'आफ्टरलाइफ' नावाच्या गिल्डने १९९९ मध्येच गुणांची पद्धत बसवली. म्हणून तिचं नाव 'ड्रॅगन किल पॉइंट्स', थोडक्यात डीकेपी. पद्धत सोपी आहे. मोहिमेला हजर राहिलात की गुण जमा, वस्तू घेतलीत की गुण खर्च. वस्तूची किंमत काही गिल्डमध्ये आधीच ठरलेली असते, काही ठिकाणी गुणांची बोली लागते. हे गुण गिल्डच्या बाहेर कुठेच चालत नाहीत. आपल्या भिशीतला नंबर दुसऱ्या भिशीत चालत नाही, तसंच.

पहिल्यांदा हे सगळं तक्त्यांत लिहायचे. मग 'ईक्यूडीकेपी' नावाचं सॉफ्टवेअर आलं. गिल्डच्या संकेतस्थळावर ते बसवायचं. प्रत्येक सभासदापुढे रकाने असायचे: मिळवलेले, खर्चलेले, दुरुस्ती आणि शिल्लक. कोण किती मोहिमांना आलं याची टक्केवारी, कुठली वस्तू कुणी किती गुणांना घेतली याची नोंद, सगळं तिथे दिसायचं. हजेरीसाठी खेळाच्या आतच एक छोटी जोडणी चालायची, 'सीटी रेडट्रॅकर'. कोण आत आहे, कोण मधेच गेलं, काय मिळालं, कुणी घेतलं, हे ती आपोआप टिपायची. मोहीम संपली की तो मजकूर उचलून सॉफ्टवेअरमध्ये चिकटवायचा. पुढे 'ईपीजीपी' नावाच्या पद्धतीत आकडे खेळाच्या आतच, प्रत्येक सभासदाच्या नावापुढच्या अधिकाऱ्यांच्या शेऱ्यात लिहिले जायचे. ते बदलायची मुभा फक्त अधिकाऱ्यांना.

वाणिज्य शिकलेल्या बाईला यातली गंमत लगेच कळते. गुण म्हणजे गिल्डने सभासदाला लागू असलेलं देणं. सभासद वस्तू घेतो तेव्हा ते देणं फिटतं. आता दर मोहिमेला ४० जणांना गुण वाटत राहिलं आणि वस्तू दोन-चारच निघाल्या, तर देणी वाढत जातात आणि गुणांची किंमत घसरते. ही सरळ महागाई झाली. तिच्यावरही त्या मुलांनी उपाय शोधले.

पहिला उपाय शून्य बेरजेचा. समजा एका वस्तूची किंमत ७८ गुण. घेणाऱ्याचे ७८ वजा, आणि बाकीच्या ३९ जणांना प्रत्येकी २ गुण जमा. ३९ दुणे ७८. नावे बाजू आणि जमा बाजू जुळली. कुठल्याही दिवशी सगळ्यांची बेरीज शून्यच. दुहेरी नोंदीचा धडा ज्यांनी कॉलेजात घोकून पाठ केला, त्यांना हे वाचून मौज वाटेल.

दुसरा उपाय घसाऱ्याचा. दर आठवड्याला प्रत्येकाच्या शिल्लक गुणांतून ठरावीक टक्के कमी करायचे. १० टक्के धरले, तर १००० गुण नुसते साठवून ठेवणाऱ्याकडे १० आठवड्यांनी सुमारे ३४९ उरतात. जुन्या पुण्याईवर कुणी कायम पुढच्या पाटावर बसू नये, हा त्यामागचा विचार.

तिसरा उपाय ईपीजीपीचा. एका रकान्यात केलेले श्रम, दुसऱ्यात घेतलेल्या वस्तूंची किंमत, आणि श्रमांना किंमतीने भागून येतो तो क्रमांक. एकाचे श्रम ६००, घेतलेलं २००, भागाकार ३. दुसऱ्याचे श्रम ३००, घेतलेलं ६०, भागाकार ५. श्रम निम्मे असूनही दुसरा पुढे, कारण त्याने घेतलंही कमी. मला ही पद्धत सगळ्यात शहाणी वाटली. किती केलं एवढंच नाही, किती घेतलं हेही ती विचारते.

पण ज्या नियमासाठी मी हे लिहायला बसले तो वेगळाच आहे, आणि तो कुठल्याच गणितात नाही. मोहिमेत जागा ४०. गिल्डमध्ये माणसं त्याहून जास्त, कारण आयत्या वेळी कुणाचं इंटरनेट जातं, कुणाला कामावर बोलावणं येतं. मग चार-पाच जणांनी बाहेर तयार थांबायचं. अंगावर सगळी सामग्री, औषधं बरोबर, हाक आली की आत. कित्येकदा ती हाक येतच नाही. रात्रीचे तीन-चार तास नुसते थांबण्यात जातात. अनेक गिल्डनी ठरवलं की असं तयार थांबणाऱ्यांनाही गुण द्यायचे, काही ठिकाणी तर आत गेलेल्यांइतकेच. त्यांच्या भाषेत 'स्टँडबाय'चे गुण.

मैत्रिणींनो, हे वाचून तुम्हाला कोण आठवलं? मला तर आपण सगळ्याच आठवलो. दवाखान्यात नेण्याची वेळ येईल म्हणून रात्रभर चप्पल दाराशी ठेवून जागी असलेली सून. पाहुणे येतील की नाही हे नक्की नसताना सूर्यास्ताच्या आत चार माणसांचा जास्तीचा स्वयंपाक करून ठेवणारी जाऊ. मंडळाच्या कार्यक्रमात वाढायला माणूस कमी पडेल म्हणून घरचं काम आवरून येऊन बसलेली बाई, जिला शेवटी कुणी उठवतच नाही. संध्याकाळी आभार मानतात तेव्हा वाढणाऱ्यांची नावं येतात. थांबलेल्यांचं नाव कुणी घेत नाही, कारण त्यांनी 'काही केलंच नाही'.

केलं होतं. आपला वेळ त्यांनी दुसऱ्याच्या नावावर ठेवला होता. घरात राहणाऱ्या बाईच्या दिवसाचा मोठा भाग असा राखीव असतो, आणि राखीव वेळ कुठल्याच वहीत चढत नाही. म्हणून संध्याकाळी 'दिवसभर काय केलंस?' असा प्रश्न येतो तेव्हा आपल्याकडे उत्तर नसतं. विशी-पंचविशीतल्या मुलांनी, तेही एका खेळात, हा वेळ ओळखला आणि त्याला रकाना दिला. त्यांना तो द्यावाच लागला, कारण थांबणाऱ्यांना काहीच मिळालं नाही तर पुढच्या आठवड्यात थांबायला कोणी येत नाही आणि सगळी मोहीमच अडते. घराचंही तसंच असतं. फरक इतकाच की घरातली बाई पुढच्या आठवड्यातही थांबते, म्हणून कुणाला हिशेबाची निकड वाटत नाही.

दुसरीही एक गोष्ट मला पटली. त्या खेळात कुणी ढाल होऊन मार खातो, कुणी शत्रूवर घाव घालतो, कुणी मागे उभं राहून जखमा भरतो. घाव मोजणाऱ्या वेगळ्या जोडण्या असतात आणि त्यातला पहिला नंबर सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. पण हजेरीचे गुण देताना घाव घालणाऱ्याला आणि जखमा भरणाऱ्याला सारखेच. मोहीम सगळ्यांची, म्हणून श्रेयही सगळ्यांचं.

आता याच्या विरोधातली बाजू. मार्क सिल्व्हरमन आणि बार्ट सायमन या अभ्यासकांनी २००९ मध्ये 'गेम्स अँड कल्चर' या नियतकालिकात डीकेपीवर लेख लिहिला. ही गुणपद्धत खेळाडूंना शिस्त लावणारी यंत्रणा कशी होते, याची चर्चा त्यात आहे. हा धोका खरा आहे. हजेरीसाठी झोप मोडायची, आजारी असताना बसायचं, असं झालं की तो खेळ न राहता नोकरी होते. घरातही पोळ्यांचे गुण लिहायला लागलो तर माया संपेल, असं तुमच्यापैकी अनेकजणी म्हणतील. मीही सूनबाईंच्या पोळ्या मोजायला सांगत नाहीये. माझं म्हणणं इतकंच की जिथे वही आधीच आहे, तिथे ती पुरी असावी. मंडळात हजेरीवही असते, वर्गणीवही असते, सत्काराची यादी असते. त्यात अर्धंच लिहायचं आणि उरलेलं 'प्रेमाने केलं' म्हणून सोडून द्यायचं, हा न्याय नव्हे.

दुसरा मार्ग कंपनीने काढला. २०१८ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या कंपनीने वाटप करणाऱ्या प्रमुखाची सोयच काढून टाकली. कुणाला काय मिळेल ते संगणक परस्पर ठरवणार. भांडण नको म्हणून वाटणीच हातातून काढून घेतली. मला हे पटत नाही. वाटणी करताना एकमेकांची गरज समजते. तिला मिळू दे, माझं पुढच्या वेळी बघू, असं म्हणायची संधी मिळते. ती संधीच नसेल तर मन मोठं कुठे करायचं? पुढे २०२२ मध्ये मोहिमांतली सामाईक वाटणी काही प्रमाणात परत आणावी लागली.

तिसरा मार्ग पैशाचा. काही ठिकाणी गुणांऐवजी खेळातल्या सोन्याची बोली लागते आणि जमलेलं सोनं सगळ्यांत वाटतात. दिसायला चोख व्यवहार आहे. पण खेळातलं सोनं बाहेर खऱ्या पैशाने चोरून विकलं जातं, आणि मग ज्याच्या खिशात जास्त तो जिंकतो. २०२४ मध्ये कंपनीने आपल्या एका आवृत्तीत या प्रकारावर बंदीच घातली. आपल्याकडे कलशाचा सवाल होतो तेव्हा पैसा भांडारात जातो आणि बोलणाऱ्याच्या हाती वस्तू येत नाही, सेवा येते. तिथे बोली शोभते. श्रमाच्या वाटणीत पैशाची बोली शोभत नाही.

आणि सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी एक काम ते करत नाही. वही कोणाच्या हातात आहे, हे ते सांभाळत नाही. 'दुरुस्ती'च्या रकान्यात अधिकारी मनाला येईल तो आकडा घालू शकतो. म्हणून जिथे वही सगळ्यांना वाचायला खुली असते आणि दुरुस्तीपुढे कारण लिहिलेलं असतं, तिथेच विश्वास टिकतो. लिहिणारा एक असला तरी वाचणारे सगळे हवेत.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. आपल्या महिला मंडळाच्या वहीत 'हजर' आणि 'गैरहजर' असे दोनच रकाने असतात. तिसरा एक आखूया, 'तयार होत्या'. ज्या आल्या, बसल्या, पण ज्यांच्यावर काम करायची वेळ आली नाही, त्यांची नावं त्यात लिहायची. वर्षअखेरीला नारळ देताना ती यादीही मोठ्याने वाचायची. खर्च काही नाही, पट्टी आणि पेन पुरे. पुढच्या बैठकीला वही माझ्याकडे आली की रेघ मी मारणार आहे. तुमच्या गावच्या मंडळात तुम्ही मारा.