रेघ ओढण्याआधी

परवा आमच्या हापिसात नव्याने लागलेल्या मुलीने तिचा पहिला मासिक रिपोर्ट मला दाखवायला आणला. मेहनत दिसत होती. प्रत्येक आकड्याला चारही बाजूंनी काळी चौकट, सगळ्या तक्त्याला बाहेरून आणखी जाड चौकट, मथळ्याच्या ओळीला गडद निळा रंग, आणि सगळे आकडे आपापल्या घरात बरोब्बर मधोमध.

"मॅडम, नीट दिसतंय ना?"

दिसत होतं नीट. तोच तर प्रॉब्लेम होता! मी तिला खुर्ची ओढून बसायला सांगितलं. त्या अर्ध्या तासात जे बोलले तेच आज इथे लिहितेय. ज्यांचा एक्सेलशी संबंध नाही त्या घरच्या मंडळींनीही (मावशी, तूसुद्धा) वाचायला हरकत नाही. विषय शेवटी रेघांचा आहे, आणि वहीत रेघा आपण सगळ्यांनीच आखल्यात.

आमचे बाबा पतपेढीत हिशेब लिहायचे. वहीतल्या छापील रेघा सोडल्या तर ते स्वतः हाताने फक्त तीन रेघा ओढत. बेरजेच्या वर एक, खाली दोन. वरची रेघ म्हणजे "इथपर्यंतचं सगळं मिळवलं". खालच्या दोन म्हणजे "हिशेब मिटला, आता याखाली काही लिहायचं नाही". बेरीज दोनदा पडताळल्याशिवाय त्या दोन रेघा कधी पडायच्या नाहीत. जगभरचे हिशेबनीस हेच करतात हे मला फार नंतर कळलं. लहानपणी वाटायचं, ही बाबांचीच पद्धत.

सांगायचा मुद्दा असा, की त्या रेघेला अर्थ होता. ती ओढणारा माणूस काहीतरी कबूल करत होता.

आता एक्सेलमध्ये "ऑल बॉर्डर्स" नावाचं बटण आहे. पडद्यावर ज्या फिक्या रेघा दिसतात त्या आपण सांगितल्याशिवाय कागदावर छापून येत नाहीत. मग प्रिंट बोडकी दिसेल या भीतीने आपण सगळं सिलेक्ट करतो आणि ते बटण दाबतो. एका क्लिकमध्ये शेकडो रेघा. पण त्यातली एकही काही सांगत नाही. बेरजेची ओळ कुठली, तपशिलाची कुठली, एक गट कुठे संपतो, सगळ्यांना चौकट सारखीच.

हे नुसतं दिसण्यापुरतं असतं तर मी लिहायला बसले नसते.

2016 सालची गोष्ट. तेव्हा मी दुसऱ्या एका कंपनीत होते. डेपोंच्या विक्रीचा तक्ता दर महिन्याला मी करायचे, आणि माझे तक्ते देखणे म्हणून प्रसिद्ध होते. त्या महिन्यात एका डेपोचं टार्गेट 42 लाखांचं. माझ्या तक्त्यात बेरीज आली 38,60,000. डेपो सांभाळणाऱ्या काकांना मीटिंगमध्ये वीस माणसांसमोर ऐकून घ्यावं लागलं. ते एवढंच म्हणाले, "ताई, बेरीज एकदा परत बघता का?" साहेबांनी माझा कागद उचलून दाखवला. एवढा व्यवस्थित रिपोर्ट समोर असताना काय बघायचंय? खरं सांगते, मलाही तसंच वाटलं.

तीन आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी ती फाइल उघडली तेव्हा सापडलं. 4,80,000 हा एक आकडा मी मेलमधून उचलून चिकटवला होता. त्याच्यासोबत डोळ्यांना न दिसणारी एक मोकळी जागा आली होती, म्हणून एक्सेलच्या लेखी तो आकडा नव्हताच, मजकूर होता. आणि बेरजेचं सूत्र असा मजकूर गुपचूप वगळतं. खरी बेरीज 43,40,000 होती. टार्गेट पूर्ण झालं होतं.

यात चौकटीचा काय दोष? तर ऐका. एक्सेल आकडे आपणहून उजवीकडे लावतं आणि मजकूर डावीकडे. मी हात लावला नसता तर तो एकटा आकडा डावीकडे सरकून बसला असता आणि लांबूनही डोळ्यांत खुपला असता. पण मी सगळे आकडे मधोमध आणले, वर प्रत्येकाभोवती चौकट घातली. चुकीच्या आकड्यालाही बाकीच्यांसारखाच युनिफॉर्म चढवला आणि रांगेत उभा केला.

काकांचा इन्सेंटिव्ह पुढच्या महिन्यात मिळाला. मी फोन केला तर म्हणाले, "जाऊ द्या ताई, मिळाले ना पैसे." पण त्यानंतर मीटिंगमध्ये त्यांनी कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. तक्त्याचं काम चांगलं दिसणं हे नाहीच. चूक असेल तर ती दिसू देणं हे त्याचं काम आहे. एडवर्ड टफ्टी यांनी 1983 सालच्या त्यांच्या पुस्तकात आलेखांबद्दल सांगितलं होतं, की जी शाई माहिती देत नाही ती शक्य तितकी खोडावी. लाटेक वापरणाऱ्यांसाठी 'बुकटॅब्ज' नावाचं पॅकेज आहे, त्याचे तर पहिले दोन नियमच असे: उभी रेघ कधीही नको, दुहेरी रेघ कधीही नको. पहिला मला मान्य. आकडे उजवीकडे सरळ लावले आणि मध्ये पुरेशी जागा सोडली की स्तंभ आपोआप वेगळे दिसतात. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र मी बाबांच्या बाजूने. :)

आता कुणी म्हणेल, हजेरीपत्रकाला चौकटी लागतातच की! लागतात. जिथे हाताने लिहायचंय तिथे पेनला घर हवं. तीस-चाळीस ओळींचा तक्ता असेल तर दर पाच ओळींनी एक फिकी आडवी रेघ द्यावी, नजर घसरत नाही. माझं भांडण रेघेशी नाही. अर्थ नसलेल्या रेघेशी आहे.

तर त्या मुलीला मी सगळ्या चौकटी काढायला लावल्या, आकडे उजवीकडे घ्यायला लावले. तिचा चेहरा पडला. "आता साधाच दिसतोय, मॅडम." मग तीच पुढे वाकली आणि म्हणाली, "अय्या, हा एक आकडा इकडे डावीकडे का राहिला?"

मी काही बोलले नाही. बेरजेखालच्या दोन रेघा तिला अजून ओढू दिलेल्या नाहीत.