रक्तदाबाचे औषध आणि नाडीची चाल

घरात कोणाला रक्तदाबाचे औषध सुरू झाले की सर्वांचे लक्ष रक्तदाबाच्या दोन आकड्यांकडे लागते. नाडीकडे सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः यांपैकी काही औषधे हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम करीत असतात. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ज्या सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला, त्या वनस्पतीतील रेसर्पिनदेखील नाडी मंद करते.

आजच्या औषधांपैकी अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम व वेरापामिल यांनी ठोके मंदावतात. यांतील पहिल्या दोहोंपैकी एक आणि नंतरच्या दोहोंपैकी एक अशी औषधे एकत्र घेतली गेल्यास नाडी धोकादायक इतकी मंद होऊ शकते. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालावयाचे टिमोलॉलही याच जातीचे आहे. म्हणून डॉक्टरांना ते अवश्य सांगावे.

दुसरे कारण पोटॅशियम. रक्तात त्याचे प्रमाण दर लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असते. लघवी वाढविणाऱ्या बहुतेक गोळ्यांनी ते घटते. जुलाब-उलट्यांनी आणखी घटते, आणि ठोके अनियमित पडू लागतात. उलट एनालाप्रिल, टेल्मिसार्टन व स्पायरोनोलॅक्टोन यांनी ते वाढते. मूत्रपिंड दुर्बल असेल तर हा धोका अधिक. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियमच असते. ते हितकर समजून अशा रुग्णाने परस्पर सुरू करू नये.

नाडी पाहणे कठीण नाही. पाच मिनिटे स्वस्थ बसावे. मनगटावर अंगठ्याच्या बाजूस दोन बोटे ठेवून पुरा एक मिनिट ठोके मोजावेत. विश्रांतीच्या वेळी ते सामान्यतः ६० ते १०० असतात. ते पन्नासाच्या खाली गेले, मध्येच चुकू लागले, किंवा चक्कर येऊ लागली, तर डॉक्टरांना त्वरित कळवावे. शुद्ध हरपली, छातीत दुखले वा धाप लागली, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

मात्र हे वाचून आपल्या मनाने गोळी बंद करू नये. अ‍ॅटेनोलॉलसारखे औषध एकाएकी थांबविल्यास हृदय वेगाने धावू लागते. हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. औषध सोडावयाचे तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, क्रमाक्रमाने. घरच्या वहीत रक्तदाबाशेजारी नाडीसाठी एक रकाना आखावा आणि पुढील भेटीस ती वही, सर्व गोळ्यांसह, बरोबर न्यावी.