‘धरणी’ ते ‘भू भारती’ : आधी निदान, मग साधन

तेलंगणात अवघ्या पाच वर्षांत जमिनीच्या नोंदींसाठी दोन कायदे आणि दोन संगणकीय प्रणाली आल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘धरणी’ पोर्टल सुरू झाले. १४ एप्रिल २०२५ रोजी हैदराबादच्या शिल्पकला वेदिकेत ‘भू भारती’चा प्रारंभ झाला. मधल्या काळातील सत्तांतर हे या बदलाचे उघड कारण होय. मात्र एवढ्यावर विषय संपवला, तर सरकारी कार्यपद्धती सुधारू पाहणाऱ्यांसाठीचा धडा निसटून जाईल.

‘धरणी’पूर्वीचे दुखणे खरे होते. फेरफारासाठी हेलपाटे, चिरीमिरी आणि नोंदींत परस्पर होणारे बदल यांनी शेतकरी त्रासला होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादलगतच्या अब्दुल्लापूरमेट येथे एका महिला तहसीलदाराला कार्यालयातच जिवंत जाळण्यात आले, तेव्हा महसूल खात्याविषयीचा रोष आणि तेथील कर्मचाऱ्यांची असुरक्षितता दोन्ही उघड झाली. सरकारने २०२० मध्ये नवा कायदा करून ग्राम महसूल अधिकाऱ्यांची पाच हजारांहून अधिक पदे रद्द केली, महसूल न्यायालये मोडीत काढली आणि शेतजमिनीची नोंदणी व फेरफार तहसील कार्यालयात एकाच वेळी होईल अशी सोय केली.

ज्यांच्या नोंदी निर्दोष होत्या, त्यांचे काम खरोखरच झटपट होऊ लागले. अडले ते इतरांचे. २०१७ च्या नोंदी अद्ययावतीकरण मोहिमेतील चुका नव्या प्रणालीत जशाच्या तशा उतरल्या होत्या. नाव वगळलेले, क्षेत्र कमी लागलेले किंवा खासगी जमीन निषिद्ध यादीत गेलेले शेतकरी दुरुस्तीसाठी कोणता ऑनलाइन अर्ज भरायचा याच विवंचनेत अडकले. दुरुस्तीचे अधिकार मुख्यतः जिल्हाधिकाऱ्यांकडे एकवटले आणि मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात गेला. पासबुक नसेल तर ‘रयतु बंधू’ची मदतही मिळत नसे. कागदावरील चुकीची किंमत अशी थेट हंगामाला मोजावी लागली.

मुळात दुखणी तीन होती आणि प्रत्येकाचे साधन वेगळे होते. विलंबावर संगणक चालतो. नोंद चुकीची असेल तर मोजणी, गावातली चौकशी आणि सुनावणी लागते. अधिकाराचा गैरवापर रोखायचा तर अपील आणि उत्तरदायित्व लागते. ‘धरणी’ने पहिल्या दुखण्याचे औषध तिन्हींना दिले. शिवाय नोंदी जाणणारा गावपातळीवरचा माणूसही हटवला.

‘भू भारती’ कायद्याने अपिलाची पायरी परत आणली, फेरफारासोबत नकाशाची आणि प्रत्येक जमिनीला ‘भूधार’ क्रमांकाची तरतूद केली. जून २०२५ मध्ये गावोगावी महसूल मेळावे घेऊन अर्ज स्वीकारण्यात आले. सप्टेंबरमध्ये ग्रामपालन अधिकाऱ्यांना नियुक्तिपत्रे मिळाली. साधनांची निवड या वेळी अधिक विचारपूर्वक झालेली दिसते. तरीही तिची कसोटी अर्ज किती आले यावर लागणार नाही. किती नोंदी दुरुस्त झाल्या आणि अपिले किती वेळेत निकाली निघाली, यावर ती लागेल.

गोव्यासाठी हा विषय परका नाही. एक-चौदाचा उतारा आज घरबसल्या पाहता येतो. पण दिवंगत पूर्वजांची नावे, परदेशी स्थायिक झालेले वारस आणि रखडलेले मुंडकार दावे त्या उताऱ्यामागे तसेच उभे असतात. बनावट दस्तऐवजांद्वारे जमिनी हडपल्याच्या प्रकरणांसाठी २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले. नोंदवहीत जे लिहिले आहे तेच पडद्यावर दिसते. त्यामुळे एखाद्या खात्याने नवी प्रणाली जाहीर केली की काम नेमके कोठे आणि कशामुळे अडते याचा शोध आधी घेतला गेला का, हा प्रश्न गोमंतकीयांनी निविदा निघण्यापूर्वीच विचारायला हवा.