जनुके, वजन आणि मजुरी

स्थूलपणाची दोन स्पष्टीकरणे आज सर्रास दिली जातात. एक जुने : स्थूल माणूस खादाड आणि आळशी असतो. दुसरे नवे : स्थूलपणा जनुकांतच असतो, त्याला इलाज नाही. पहिले दोष व्यक्तीवर टाकते, दुसरे नशिबावर. समाजव्यवस्थेला मात्र दोन्ही निर्दोष सोडतात. म्हणूनच हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा मानून समाजवादी कार्यकर्त्याने बाजूला ठेवणे योग्य नव्हे.

आनुवंशिकतेचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. अल्बर्ट स्टंकार्ड व सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या वजनाचे नाते जन्मदात्या आईबापांशी आढळले, वाढवणाऱ्यांशी नाही. २००७ मध्ये ‘एफटीओ’ या जनुकाचा वजनाशी संबंध उजेडात आला. त्याचे विशिष्ट रूप आई व वडील या दोघांकडूनही मिळालेल्या युरोपीय प्रौढांचे वजन, ते रूप मुळीच नसलेल्यांपेक्षा सरासरीने सुमारे ३ किलो अधिक होते. गैरसोयीचे विज्ञान राजकीय आदेशाने खोटे ठरवण्याचा उद्योग लायसेन्कोच्या काळात सोव्हिएत रशियात झाला, आणि वाव्हिलॉव्हसारखा थोर शास्त्रज्ञ १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावला. तो मार्ग आपला नव्हे.

परंतु जनुके एकटी काम करीत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत अतिवजनाचे प्रमाण २००५-०६ मध्ये १२.६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २४ टक्के झाले. पंधरा वर्षांत एखाद्या समाजाची जनुके बदलत नसतात. बदलते ते त्याचे जगणे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासात तर असे दिसले की, १९४२ पूर्वी जन्मलेल्यांत ‘एफटीओ’चा वजनाशी संबंध आढळत नाही, नंतर जन्मलेल्यांत तो ठळक होतो. जनुक तेच, काळ मात्र वेगळा.

आपल्या महाराष्ट्राने या विषयात जगाला मोलाची भर दिली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आमच्या बालकांत स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला कृश, आतून स्थूल अशी ही शरीरे पुढे मधुमेहाला लवकर बळी पडण्याचा धोका असतो. याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी आढळल्या. ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक, त्यांची बालके आकाराने मोठी. ज्या गरोदरपणीही शेतात राबत आणि पाणी वाहत, त्यांची लहान. म्हणजे बालकाच्या शरीराची घडण जनुकांबरोबर आईच्या ताटाने आणि तिच्या श्रमांनीही ठरत होती.

आमच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीला हे लागू पडते. कोरडवाहू गावातून आलेला, अर्धपोटी आईच्या पोटी जन्मलेला तरुण येथे कंत्राटावर यंत्रापुढे उभा राहतो. पाळी बदलते, झोप मोडते, जादा कामावाचून घरभाडे निघत नाही. खिशातल्या पैशांत पोट चटकन भरते ते वडापावाने. डाळ, अंडी, भाजी आणि फळे त्या मानाने महाग पडतात. अर्थशास्त्राच्या भाषेत, त्याची ‘आवड’ ही त्याच्या मजुरीने आणि वेळेने बांधलेली असते. चाळिशीत त्याचे पोट सुटले आणि रक्तात साखर आली, की त्याला व्यायामाचा उपदेश मिळतो.

जनुकीय भेद आपल्याला समता शिकवतात, असे मी म्हणेन. त्याच ताटावर एकाचे वजन वाढते, दुसऱ्याचे नाही. तेव्हा स्थूल माणसाची टवाळी अशास्त्रीय आणि अन्याय्य आहे. आणि ज्याला जन्मतः धोका अधिक, त्याला संरक्षणही अधिक हवे. कारखान्यातील उपाहारगृहाचे तत्त्व १९४८ च्या कारखाने कायद्यानेच मान्य केले. ते लहान कारखान्यांतील आणि कंत्राटी कामगारांपर्यंत पोचवणे, तेथे सकस जेवण मागणे, गरोदर मजूर स्त्रीला भरपगारी विश्रांती आणि अंगणवाडीत डाळ, अंडी व पालेभाजी मिळवून देणे, ही आपली कामे आहेत. वेतनाच्या मागणीपत्रात ही कलमे घातली पाहिजेत. जनुके आपल्या हाती नाहीत. मजुरी, वेळ आणि अन्न यांची वाटणी मात्र माणसांनीच केलेली आहे, आणि ती माणसांना बदलता येते.