लॉ जर्नलची संपादकीय खुर्ची आपल्याला का हवी?

कायदा संसदेत होतो आणि न्यायालयात त्याचा अर्थ लागतो, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण वकील युक्तिवादासाठी कोणाच्या लेखांचा आधार घेतात? ते लेख छापण्याचा निर्णय कोण घेतो? या दुसऱ्या प्रश्नाकडे आपल्या चळवळीने आता लक्ष द्यायला हवे, असे आम्हाला वाटते.

अमेरिकेत हा निर्णय बहुतांशी विद्यार्थी घेतात. १८८७ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू' सुरू केले. लेख लिहिणारे नामवंत प्राध्यापक. पण लेख निवडणे, तळटीप न् तळटीप ताडून पाहणे, हे काम पंचविशीतल्या मुलामुलींचे. १८९० साली तिथे छापलेल्या वॉरन आणि ब्रँडाइस यांच्या खासगीपणाच्या अधिकारावरील लेखाचा आधार २०१७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पुट्टास्वामी निकालात घेतला. छापील शब्दाची ताकद ही अशी असते.

म्हणूनच ती खुर्ची वंचितांना सहज मिळत नाही. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हे या नियतकालिकाचे पहिले कृष्णवर्णीय संपादक. ते १९२२ साली पदवीधर झाले. पुढे हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी थर्गुड मार्शल यांच्यासारखे वकील घडवले आणि १९५४ साली शाळांमधला वर्णभेद न्यायालयात हरला. पण त्याच नियतकालिकाला पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष, बराक ओबामा, मिळायला १९९० साल उजाडले. तब्बल १०३ वर्षे! दरम्यान कृष्णवर्णीय विद्यार्थी वाट पाहत बसले नाहीत. १९७० साली कॅलिफोर्नियात त्यांनी स्वतःचे 'ब्लॅक लॉ जर्नल' काढले.

आपल्याकडेही राष्ट्रीय विधी विद्यापीठांत विद्यार्थी जर्नल चालवतात. तिथे जातीचा विषय काढला की उत्तर ठरलेले: लेखकाचे नाव झाकून लेख तपासतो, मग जात आली कुठून? आमचे म्हणणे साधे आहे. नाव झाकता येते, विषय झाकता येत नाही. कोणता विषय 'अभ्यासपूर्ण' आणि कोणता 'चळवळीचा प्रचार', हे संपादकाच्या अनुभवावर ठरते. शिवाय हे काम बिनपगारी. ज्याला शिकता शिकता घर चालवायचे आहे, जो मराठी माध्यमातून आला आहे, तो दारातच अडतो. मग त्या गाळणीला 'गुणवत्ता' म्हणतात.

यात आपले काय पणाला लागले आहे? मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ॲट्रॉसिटी कायद्याची धार बोथट केली. आधार होता 'गैरवापर' या शब्दाचा. २ एप्रिलला देश रस्त्यावर उतरला, संसदेने दुरुस्ती केली, २०१९ मध्ये न्यायालयानेही ते निर्देश मागे घेतले. ती लढाई रस्त्याने जिंकली. पण 'गैरवापर' हा शब्द अजून मेलेला नाही. तो पुढच्या याचिकेत पुन्हा येईल. त्याला आकडेवारीने, निकालांच्या चिकित्सेने खोडून काढणारे लेख तोवर छापलेले असले पाहिजेत.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात विद्यार्थी असताना भारतातील जातींवर निबंध वाचला. १९१७ साली तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. आणि १९२० साली त्यांनी 'मूकनायक' काढले. प्रस्थापित ज्ञानाच्या दारात शिरणे आणि स्वतःचे व्यासपीठ उभारणे, दोन्ही वाटा त्यांनी चालून दाखवल्या. यातली एक निवडा, असे ते म्हणाले नाहीत.

म्हणून कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना आमचे आवाहन आहे. कॉलेजच्या संपादक मंडळासाठी अर्ज करा. सीनियर असाल तर ज्युनियरला तळटीप कशी द्यायची हे शिकवा. निवडीचे निकष लेखी मागा आणि मंडळात आपले प्रतिनिधित्व मागा. आणि चार जण जमलात तर स्वतःचे जर्नल काढा. इंग्रजीत काढाच, पण तालुका कोर्टातल्या आपल्या वकिलासाठी मराठीतही काढा. संघटनांनी या कामाला शिष्यवृत्ती द्यावी. जयंतीच्या खर्चातला एक वाटा इकडे वळला, तर तेही अभिवादनच ठरेल.

जय भीम!